द साऊंडचं 'आय कान्ट एस्केप मायसेल्फ' - १९८० मधलं एक मागे राहिलेलं गाणं

कातरवेळ

पोस्ट-पंकचा, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटी पंकमधून निघालेल्या रॉकचा, विषय निघाला की आपल्याकडे गाडी जॉय डिव्हिजनवर सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते, फार तर द क्युअर नाहीतर सूझी अँड द बॅन्शीजपर्यंत जाते. त्याबद्दल तक्रार नाही, ते सगळे मोठेच आहेत. पण त्याच वर्षी, त्याच देशात, दक्षिण लंडनच्या चार जणांनी एक गाणं केलं होतं आणि ते माझ्या मते या सगळ्यांच्या पंगतीला बसणारं आहे, तरी त्याचं नाव कोणी काढत नाही. म्हणून हा धागा.

बँडचं नाव द साऊंड. गायक-गिटारिस्ट एड्रियन बोरलंड, बास गिटारवर ग्रॅहम बेली, ड्रम्सवर माईक डडली, कीबोर्डवर बी मार्शल. पहिला अल्बम 'जेपर्डी', नोव्हेंबर १९८०, कोरोव्हा लेबल. आणि त्या अल्बमचं पहिलंच गाणं 'आय कान्ट एस्केप मायसेल्फ'. पहिला अल्बम, पहिलं गाणं, म्हणजे लोकांना आपली ओळख करून द्यायची जागा, तिथे कोणीही आपलं सगळ्यात दणदणीत गाणं ठेवतं. यांनी ठेवलं ते असं की पहिल्या अर्ध्या मिनिटात वाटावं काहीतरी वाजायचं राहिलंय. एक कोरडा ठोका, त्याच्याखाली बास, मधूनच गिटारचा एखादा ओरखडा, आणि आवाज जवळजवळ बोलल्यासारखा. मग कोरसला गिटार एकदम अंगावर येते, बोरलंड 'मी' हा एकच शब्द ताणतो, बाकीची ओळ फेकतो आणि लगेच सगळं बंद. परत तोच ठोका, जणू मधे काही झालंच नाही.

शब्द फार थोडे आहेत. मी ओळी इथे देत नाही, आशय सांगते. आत खूप काही साठलंय. एकटा सोडलात तर मी अशा माणसासोबत उरतो ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. विचार करून करून थकलोय, ही कातडी झटकून बाहेर पडावंसं वाटतंय. पुढच्या कडव्यात प्रश्न आयुष्याहून मोठे झालेत, आणखी एक घास गिळवत नाही, आणि स्वतःची सावली पावलापावलाला चिडवतेय.

एवढंच! मला यातली दुसरी ओळ सोडवत नाही. एकटेपणाची गाणी आपण आयुष्यभर ऐकत आलोय, मराठीत, हिंदीत, इंग्लिशमध्ये, आणि जवळजवळ सगळ्यांत कोणीतरी गेलेलं असतं, कोणीतरी यायचं राहिलेलं असतं, रिकामी जागा असते. इथे रिकामी जागा नाहीच आहे. इथे खोलीत कोणीतरी आहे आणि ते जात नाहीये, हे दुःख आहे. ना प्रेयसी, ना शहर, ना पाऊस. गाण्यात दुसरं माणूसच नाही त्यामुळे दोष द्यायलाही कोणी नाही, आणि मला वाटतं या गाण्याचा काळोख नेमका तिथे आहे, 'उदास' शब्द वापरण्यात नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर लिहायला बसले ती. बोरलंडबद्दल जिथे जिथे वाचाल तिथे पहिल्या परिच्छेदात त्याचा शेवट येतो. एप्रिल १९९९ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी त्याने विंबल्डनला आयुष्य संपवलं, त्याआधी बरीच वर्षं तो मानसिक आजाराशी झगडत होता. हे खरंय आणि ते लपवायचं कारण नाही. पण मग हे गाणं त्याचा पुरावा म्हणून वाचलं जातं, बघा, तेव्हाच सांगितलं होतं त्याने. मला हे पटत नाही. 'जेपर्डी' आला तेव्हा तो २२ वर्षांचा होता आणि हे गाणं म्हणजे हातातून सुटलेली किंकाळी नाहीये, ते अतिशय ताब्यात ठेवून बांधलेलं काम आहे. कुठे गप्प बसायचं, गिटार किती वेळ रोखून धरायची, कोरस किती लवकर तोडायचा, हे सगळं ठरवलेलं आहे. ज्याला स्वतःपासून सुटता येत नाही त्याची गोष्ट सांगणारं गाणंच मुळी सुटत नाही, दरवेळी दार धडकतं आणि परत आत येतं. हे आपोआप होत नाही हो, कोणीतरी बसून केलेलं असतं. त्याला कलाकार म्हणून श्रेय द्यायचं सोडून आपण त्याला पेशंट करून टाकतो.

ऐकताना हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर बास येतच नाही आणि बास नसेल तर या गाण्यात काही उरत नाही.

---

निळीशाई

वाचनखूण साठवली. ऐकलं आत्ताच. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं कोरस येईल आणि गाणं मोकळं होईल, तसं झालंच नाही, उलट कोरसनंतरची शांतता जास्त जड वाटली. दुसऱ्यांदा ऐकताना तर कोरसची भीतीच वाटायला लागली कारण त्याच्यानंतर काय येणारे ते माहीत होतं.

एक प्रश्न. मला ह्यात आणि जॉय डिव्हिजनमध्ये फरक नीट सांगता येत नाहीये. दोन्हीकडे बास पुढे, आवाज खर्जात, विषय काळोखा. फरक आहे ना?

---

मंद्रसप्तक

@निळीशाई, मी बास वाजवतो (पुण्यात, हौशी बँड, कव्हर्स करतो आम्ही) त्यामुळे माझ्या बाजूने सांगतो.

जॉय डिव्हिजनमध्ये त्यांचा बासिस्ट पीटर हूक बास वरच्या पट्टीत वाजवतो, बऱ्याचदा मुख्य चाल बासच धरून असतो आणि गिटार त्याच्याभोवती फिरते. द साऊंडमध्ये ग्रॅहम बेलीचा बास खाली राहतो, भिंतीसारखा. चाल सांगत नाही तो, जागा आखून देतो. ह्या गाण्यात तर व्हर्सभर (कडवंभर) तो जवळजवळ तेच ते वाजवत राहतो, आणि मुद्दाम. आम्ही हे प्रॅक्टिसला घेतलं होतं. बोटांना अजिबात अवघड नाही, पाच मिनिटांत बसतं, पण चारी जणांना गप्प राहायला जमेना. गिटारवाला दर दोन ओळींनी काहीतरी भरायचा, ड्रमर फिल मारायचा, आणि गाणं तिथेच मरायचं. शेवटी गिटारवाल्याला सांगितलं की व्हर्समध्ये हात तारांवर ठेव पण वाजवू नको, कोरसची वाट बघ. तेव्हा पहिल्यांदा ते गाणं गाण्यासारखं लागलं. त्या रिकाम्या जागा हेच त्याचं अरेंजमेंट आहे हे ऐकून जेवढं कळत नाही तेवढं वाजवताना कळतं.

दुसरा फरक रेकॉर्डिंगचा. जॉय डिव्हिजनला निर्माता म्हणून मार्टिन हॅनेट होता, त्याने ड्रम्सभोवती इतकी पोकळी तयार केली की आवाज कुठल्यातरी मोठ्या रिकाम्या इमारतीतून येतोय असं वाटतं. 'जेपर्डी' त्याच्या अगदी उलट आहे, कमी पैशात केलेलं, सगळं जवळ आणि कोरडं. ह्या गाण्याला तेच शोभतं. इमारत नकोच आहे इथे, डोक्याच्या आतली जागा पाहिजे आणि ती लहानच असते.

---

जुनाटेपवाला

वरच्या प्रतिसादाला +१, पण मी थोडा वेगळा सूर लावतो.

गाणं उत्तमच आहे, वाद नाही, पण द साऊंडचं सगळ्यात चांगलं काम दुसऱ्या अल्बममध्ये आहे, 'फ्रॉम द लायन्स माऊथ', १९८१. निर्माता ह्यू जोन्स, कीबोर्डवर बी मार्शलच्या जागी कॉल्विन 'मॅक्स' मेयर्स आला, आणि आवाज एकदम रुंद झाला. कव्हरवर ब्रिटन रिव्हिएरचं, बायबलमधल्या सिंहांच्या गुहेतल्या डॅनिएलचं चित्र. पहिलं गाणं 'विनिंग'. तेही तळापासूनच सुरू होतं पण त्यात माणूस बुडता बुडता पोहायला लागतो. माझ्यासारख्याला, ज्याने हे संगीत नव्वदच्या दशकात कोणाच्या तरी कॅसेटवरून उतरवून घेऊन ऐकलं, त्याला 'विनिंग'ने जास्त दिलंय. नुसता काळोख दाखवणं त्यामानाने सोपं असतं, त्यातून एक पाऊल बाहेर टाकणारं गाणं लिहिणं आणि ते खोटं न वाटणं हे महाकठीण.

---

कातरवेळ

@जुनाटेपवाला, 'विनिंग' मलाही जिवापाड आवडतं, आणि खरं तर ते माझ्याच बाजूचा पुरावा आहे. एका वर्षाच्या अंतराने एकच माणूस ही दोन गाणी लिहितो, दोन्ही तेवढीच खरी. मग 'आय कान्ट एस्केप मायसेल्फ' हीच त्याची खरी ओळख आणि 'विनिंग' म्हणजे नुसतं उसनं बळ, असं आपण कशाच्या जोरावर ठरवतो? शेवट माहीत आहे म्हणून. शेवट बाजूला ठेवला तर आपल्यापुढे एक लेखक उरतो ज्याला मनाच्या वेगवेगळ्या अवस्था नेमक्या पकडता येत होत्या.

पण काळोख दाखवणं सोपं असतं हे मात्र नाही पटलं. काळोखाचा देखावा सोपा असतो, काळे कपडे, धूर, मोठमोठे शब्द. ह्या गाण्यात त्यातलं काहीच नाही, बोरलंड तर स्टेजवर साध्या शर्टात उभा राहणारा माणूस. घास गिळवत नाही ही किती घरगुती गोष्ट आहे. अशा साध्या तपशिलावर सगळं तोलायचं आणि ते रडगाणं होऊ द्यायचं नाही, हे मला कठीणच वाटतं.

---

पाणकोंबडी

धागा वाचतेय, पोस्ट-पंक वगैरे माझा प्रांत नाही पण मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते म्हणून गाण्याच्या शब्दांबद्दल लिहावंसं वाटलं.

मला सगळ्यात अचूक वाटली ती विचार करून थकण्याची ओळ. बाहेरच्या लोकांना वाटतं की असा माणूस नीट विचार करत नाहीये, म्हणून ते त्याला समजावत बसतात, अरे असा विचार कर, तसा विचार कर. प्रत्यक्षात तो रात्रंदिवस तेच करत असतो, स्वतःशी वाद घालून, स्वतःला समजावून समजावून दमलेला असतो, आणि तुम्ही त्याला आणखी थोडा विचार करायला सांगता. हे २२ वर्षांच्या मुलाने एका ओळीत लिहिलंय आणि कुठेही कीव मागितलेली नाही.

कातरवेळ, तुमच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. माणूस गेल्यावर त्याचं सगळं आयुष्य त्या एका दिवसाच्या दिशेने वळवून वाचायची सवय त्याच्या जवळच्यांनाही फार त्रास देते, कारण मग ते जुनी पत्रं, जुने फोटो चाळून 'आपल्याला कसं कळलं नाही' हे शोधत राहतात. तरुणपणी असं काहीतरी लिहिणारे, वाटणारे असंख्य लोक असतात आणि त्यातले बहुतेक पुढे आयुष्य जगतात.

एक विनंती मात्र करते. अशी गाणी कोणाला आधार देतात, आपल्याला वाटतं ते दुसऱ्यालाही वाटलंय एवढंही पुरतं कधीकधी. पण तुम्ही स्वतः त्या टप्प्यात असाल आणि रात्री एकट्याने तेच तेच गाणं लावून आणखी खाली जात असाल तर ते बंद करा आणि कोणाशी तरी बोला. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाईन चोवीस तास असते आणि मराठीतही बोलता येतं.

---

आइंडहोवनकर

अरे वा, द साऊंडवर मराठीत धागा! मी नेदरलँड्समध्ये राहतो आणि इथे हा बँड 'राहून गेलेला' नाहीये, निदान एका पिढीसाठी तरी नाही. माझ्या ऑफिसातले पन्नाशी-साठीतले डच लोक द साऊंडबद्दल असं बोलतात जसं आपण आपल्या गावातल्या माणसाबद्दल बोलतो. इंग्लंडमध्ये छोट्या क्लबात वाजवणारा हा बँड इथे मोठे हॉल भरवायचा, डच रेडिओने त्यांचे कार्यक्रम रेकॉर्ड केले होते, १९८१ ते १९८५ मधले, आणि ते पुढे पाच सीडींमध्ये निघाले, 'द डच रेडिओ रेकॉर्डिंग्ज' नावाने. बोरलंडवरचा माहितीपटही इथल्याच लोकांनी केला, 'वॉकिंग इन द ऑपोझिट डायरेक्शन', २०१६. त्यात त्याचे वडील बोलतात, आणि तो भाग बघताना मला पॉज करावं लागलं होतं.

वडिलांवरून आठवलं, ते शास्त्रज्ञ होते, टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत. मुलाचा पहिला बँड, द आउटसायडर्स, १९७७ मध्ये 'कॉलिंग ऑन यूथ' नावाचा अल्बम घेऊन आला, तो त्यांनी स्वतःच काढला आणि रेकॉर्डिंग झालं बोरलंडच्या विंबल्डनमधल्या घरी. म्हणजे १९७७ साली, पंक म्हणजे समाजाला धोका असं इंग्लंडचे पेपर छापत होते तेव्हा एका शास्त्रज्ञाने घर मुलाच्या पंक बँडला देऊन टाकलं होतं. मला ही गोष्ट फार आवडते. काळोख्या गाण्यांमागे काळोखं घरच असतं असं नाही.

---

निळीशाई

मंद्रसप्तक, धन्यवाद, आता दोन्ही लागोपाठ ऐकून फरक कळला. तुमचं ते 'हात तारांवर ठेव पण वाजवू नको' वाचल्यावर गाणं वेगळंच ऐकू आलं.

पण मग हे लोक मागे का पडले? समीक्षा वाईट होती का?

---

जुनाटेपवाला

समीक्षा चांगलीच होती, इंग्लंडच्या म्युझिक साप्ताहिकांनी कौतुक केलं होतं. खपलं नाही.

कारणं बरीच. एक म्हणजे वर्ष. १९८० साली मे महिन्यात जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस गेला, जुलैत त्यांचा 'क्लोजर' आला, त्याच महिन्यात एको अँड द बनीमेनचा 'क्रॉकोडाइल्स', ऑक्टोबरमध्ये यू-टू चा 'बॉय', आणि मग नोव्हेंबरात हे. रांगेत मागे. त्यात बनीमेन त्यांच्याच लेबलवर, कोरोव्हावर, आणि त्यांचा गायक इयन मॅककलॉकचे केस आणि ओठ मासिकाच्या कव्हरवर ठेवण्यासारखे होते, बोरलंड दिसायला शेजारच्या घरातला मुलगा. मग तिसऱ्या अल्बमच्या वेळी कंपनीला काहीतरी खपाऊ हवं होतं आणि ह्यांनी १९८२ मध्ये 'ऑल फॉल डाऊन' दिला, तो आधीच्या दोन्हींपेक्षा अवघड. कंपनीशी संबंध संपला. पुढे स्टॅटिक या लेबलसाठी 'शॉक ऑफ डेलाईट' आणि 'हेड्स अँड हार्ट्स', १९८७ मध्ये एका बेल्जियन लेबलवर 'थंडर अप', आणि मग बँड संपला. मेयर्सही १९९३ मध्ये एड्सने गेला. नंतर रिनॅसन्ट नावाच्या छोट्या लेबलने अल्बम पुन्हा काढले म्हणून आज ऐकायला तरी मिळतायत.

आणि नाव! 'द साऊंड' असं इंटरनेटवर शोधून बघा काय सापडतं ते.

---

मंद्रसप्तक

हे नावाचं खरंय, गायकाच्या नावाने शोधलं तरच सापडतं.

मला अजून एक सांगायचं होतं. हे गाणं सुटं ऐकू नका, त्याच्या लगेच पुढचं 'हार्टलँड' पण लावा. पहिलं गाणं इतका वेळ सगळं रोखून धरतं आणि 'हार्टलँड' सुरू होताच बँड सुसाट सुटतो, कीबोर्ड वगैरे सगळं पहिल्या सेकंदापासून. त्या क्रमाने ऐकलं की लक्षात येतं की ह्यांना मोकळं वाजवता येत होतं, पहिल्या गाण्यात ते मुद्दाम वाजवत नव्हते. कातरवेळ ताबा म्हणतायत तो हाच.

---

सहज_सुचलं

सगळ्यांपेक्षा वेगळं लिहितोय, राग नसावा. मला ते गाणं सहन झालं नाही. म्हणजे वाईट नाही, उलट फारच नेमकं आहे म्हणून. माझ्या आयुष्यात एक काळ असा होता की घरात एकट्याने बसायची भीती वाटायची, टीव्ही चालू ठेवून झोपायचो, आणि कारण कोणाला सांगता यायचं नाही कारण सांगण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं. नोकरी ठीक, घरचे ठीक. कातरवेळ यांनी लिहिलंय ना की दोष द्यायला कोणी नाही, तेच. लोक विचारायचे 'काय झालं' आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. आता बरा आहे, उपचार घेतले. पण कोणीतरी १९८० मध्ये लंडनला बसून, काही न घडता येणाऱ्या त्या भीतीवर तीन-चार मिनिटांचं गाणं लिहून ठेवलंय हे मला आज कळलं. परत ऐकेन असं नाही, पण आहे हे कळलं ते बरं झालं.

---

कातरवेळ

@सहज_सुचलं, राग कसला, या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद तुमचा आहे. नाही ऐकलंत तरी काही बिघडत नाही. मनापासून बरं वाटलं वाचून की तुम्ही आता बरे आहात.

@पाणकोंबडी, हेल्पलाईनबद्दल आभार, ते मूळ लेखातच हवं होतं, संपादकांना सांगून वर घालून घेते.

@आइंडहोवनकर, तो माहितीपट इथून कसा बघायचा ते कळवाल का? आणि तुमच्या ऑफिसातल्या मंडळींना एक नक्की विचारा, हे गाणं लाईव्ह वाजवायचे तेव्हा त्या गप्प जागांमध्ये हॉल गप्प राहायचा का. मला खूप दिवसांपासून जाणून घ्यायचंय.

---

आइंडहोवनकर

विचारतो सोमवारी. एक जण आहे जो तेव्हा बऱ्याच शोजना गेलेला, त्याच्याकडे तिकिटंही जपून ठेवलेली आहेत. माहितीपटाचं बघून व्यनि करतो.

---

निळीशाई

पूर्ण 'जेपर्डी' ऐकला. 'मिसाइल्स' ऐकताना एकदम वेगळा बँड वाटला, तिथे राग बाहेरच्यांवर आहे, ही क्षेपणास्त्रं बनवतं तरी कोण असा थेट प्रश्न. त्याच वर्षी अमेरिकन क्रूझ क्षेपणास्त्रं इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमनच्या हवाई तळावर ठेवायचं ब्रिटिश सरकारने जाहीर केलं होतं ना, म्हणजे तो प्रश्न अगदी ताजा होता तेव्हा. एकाच अल्बमवर एक गाणं जगाला जाब विचारतंय आणि एक फक्त स्वतःला. मला वाटतं दोन्ही एकत्र ऐकल्यावर पहिलं गाणं स्वतःतच गुरफटलेलं वगैरे वाटत नाही, ह्या माणसाला बाहेरचं सगळं दिसत होतं.

आता पुढे काय ऐकू? 'लायन्स माऊथ'?

---

जुनाटेपवाला

हो, आधी तोच. मग 'शॉक ऑफ डेलाईट', लहान आहे आणि त्यात उजेड जास्त आहे. 'ऑल फॉल डाऊन' सगळ्यात शेवटी ठेवा, आणि आवडला नाही तर महिनाभराने परत लावा. बोरलंड आणि बेली या दोघांचंच ड्रम मशीन घेऊन केलेलं सेकंड लेअर नावाचं पण एक प्रकरण आहे, 'वर्ल्ड ऑफ रबर', १९८१. ते 'आय कान्ट एस्केप मायसेल्फ'पेक्षाही कोरडं आहे. त्यावर मंद्रसप्तक यांनी वेगळा धागा काढावा.